बागेतील कीड आणि विषाला पर्याय

१. ऋतू आणि कीड

नर्मदेच्या खोऱ्यातील जबलपूर येथे वर्षाचे तीन ऋतू एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळे दिसतात. मे महिन्यात पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो; जुलै ते सप्टेंबर या काळात भरपूर पाऊस पडतो; आणि डिसेंबर-जानेवारीत चांगलीच थंडी पडते. या ऋतूंबरोबर बागेतील कीडही बदलत जाते. थंडीत गुलाब व शेवंती यांच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा दाटतो. उन्हे तापू लागली की गुलाबाच्या पानांखाली लाल कोळी आपले बारीक जाळे विणू लागतो. पावसाळ्यात लिलीच्या पानांवर काळ्या रंगाच्या, पांढऱ्या व तांबड्या ठिपक्यांच्या अळ्या तुटून पडतात, तर चांदणी आणि कण्हेर यांची पाने एक मोठी हिरवी अळी खाऊन टाकते. जास्वंदीवर पिठ्या ढेकणाचे कापसासारखे पुंजके दिसतात.

जबलपूरवर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८१७ पर्यंत मराठ्यांचा अंमल होता आणि आजही तेथे मराठी कुटुंबे राहतात. मराठी घराच्या अंगणात जास्वंद, पारिजातक, मोगरा आणि गुलाब ही झाडे केवळ शोभेसाठी लावलेली नसतात. जास्वंदीचे फूल सकाळी पूजेसाठी तोडले जाते, मोगऱ्याचा गजरा केसांत माळला जातो आणि गुलाबाच्या पाकळ्यांचा गुलकंद होतो. तेव्हा ज्या झाडावर आदल्या दिवशी विष फवारले, त्याच झाडाला दुसऱ्या दिवशी लहान मुलांचे हात लागतात. धान्य व भाजीपाला यांच्या बाबतीत फवारणी आणि काढणी यांमध्ये किती दिवस जाऊ द्यावेत, याचा विचार निदान केला जातो. परंतु घरच्या फुलझाडाच्या बाबतीत तो विचार सहसा कोणाच्याही मनात येत नाही. शोभिवंत झाडांसाठी सौम्य कीटकनाशकांचा शोध घेण्याचे पहिले कारण हेच होय.

२. विषाचा अनुभव

डीडीटी या संयुगाचा कीटकनाशक गुणधर्म पॉल म्यूलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये शोधून काढला व त्यासाठी त्याला १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या एका संयुगाने हिवतापाचे डास मारले आणि असंख्य माणसांचे प्राण वाचवले, हे विसरता येणार नाही. परंतु जे विष मातीत वर्षानुवर्षे टिकते, ते अळीबरोबर पक्ष्यांच्या आणि माणसांच्या शरीरातही साठत जाते. रेचेल कार्सन या अमेरिकन लेखिकेने १९६२ मध्ये आपल्या ग्रंथातून या धोक्याकडे जगाचे लक्ष वेधले. भारतात शेतीसाठी डीडीटी वापरण्यास १९८९ मध्ये मनाई करण्यात आली.

मध्य प्रदेशाला तर कीटकनाशकांची किंमत अधिक दारुण रीतीने मोजावी लागली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ यांमधील रात्री भोपाळ येथील कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा वायू बाहेर पडला व हजारो माणसे मृत्युमुखी पडली. हे रसायन तेथे कार्बारिल नावाचे कीटकनाशक तयार करण्यासाठी साठवलेले होते. कार्बारिल हे बागांमध्येही सर्रास वापरले जाणारे औषध होते. २०१८ मध्ये भारतात त्यावर बंदी घालण्यात आली. त्यापूर्वी एक वर्ष, म्हणजे २०१७ मध्ये, विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. विष कारखान्यात असो वा फवारणीच्या पंपात असो, त्याचा पहिला बळी त्याच्या सर्वांत जवळ उभा असलेला माणूसच असतो.

या औषधांचा आणखी एक दोष बागेत सहज पाहावयास मिळतो. कार्बारिल फवारल्याने गुलाबाची पाने खाणारे भुंगेरे मरत, परंतु थोड्याच दिवसांत लाल कोळी पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात वाढत असे. लाल कोळी हा कीटक नव्हे. तो आठ पायांचा, कोळ्यांच्या कुळातील सूक्ष्म प्राणी आहे. त्याला खाऊन ताब्यात ठेवणारे शिकारी कोळी त्या औषधाने नष्ट होत आणि लाल कोळ्याला मैदान मोकळे मिळे. एका किडीसाठी घेतलेले औषध अशा रीतीने दुसऱ्या किडीला आमंत्रण देते. शिवाय एकाच विषाचा मारा वारंवार होत राहिल्यास त्यातून वाचणाऱ्या मोजक्या किडींची संतती त्या विषाला दाद देईनाशी होते.

३. आधी ओळख, मग उपाय

सौम्य औषध सर्व किडींवर चालत नाही. म्हणून कीड कोणती आहे हे आधी ठरवावे लागते. ढोबळ मानाने बागेतील किडींचे दोन वर्ग पडतात. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण व खवले कीड हे पहिल्या वर्गातील कीटक झाडात सोंड खुपसून रस शोषतात. लाल कोळी आणि फुलकिडे यांची तोंडाची रचना थोडी निराळी असली, तरी त्यांचाही समावेश सोयीसाठी याच वर्गात करता येतो. दुसऱ्या वर्गातील अळ्या आणि भुंगेरे पाने कुरतडून खातात. रस शोषणाऱ्या किडीने पान वळते, पिवळे पडते किंवा चिकट होते. कुरतडणाऱ्या किडीने पानाला भोके पडतात. पहिल्या वर्गावर अंगाला लागून काम करणारे औषध हवे, तर दुसऱ्या वर्गावर पानाबरोबर पोटात जाणारे औषध अधिक उपयोगी पडते.

प्रत्येक छिद्र हे संकटही नव्हे. चांदणीची पाने खाणारी ती मोठी हिरवी अळी एका देखण्या हॉक पतंगाची असते. तिच्या अंगावर डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके असतात. अशा दोनचार अळ्या हाताने उचलून दूर केल्या की काम भागते. मोठे झाड थोडी पाने गेल्याने मरत नाही. ते पुन्हा फुटते.

४. साबण आणि तेल

रस शोषणाऱ्या मऊ अंगाच्या किडींवर सर्वांत साधे औषध म्हणजे साबण होय. साबण हा मेदाम्लांचा क्षार असतो. त्याचे द्रावण किडीच्या अंगावरील मेणचट थर भेदून आतील पेशींची आवरणे विस्कटून टाकते आणि कीड कोरडी पडून मरते. बाजारात यासाठी पोटॅशियमयुक्त साबण मिळतो. तो न मिळाल्यास १ लिटर पाण्यात १० ग्रॅम साधा, वास व रंग नसलेला साबण किसून विरघळवावा. कपडे धुण्याचे डिटर्जंट चूर्ण मात्र वापरू नये. त्यातील इतर द्रव्यांनी पाने करपतात.

साबणाच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की तो ओला असेपर्यंतच काम करतो. वाळल्यानंतर त्याची मारकशक्ती उरत नाही. म्हणून पानाच्या खालच्या बाजूस, जेथे कीड बसलेली असते, नेमके तेथे द्रावण पोहोचले पाहिजे. दुसरी मर्यादा पाण्याची होय. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन निरुपयोगी साका तयार होतो. भेडाघाटचे प्रसिद्ध संगमरवरी खडक हे कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या कार्बोनेटांचेच बनलेले आहेत. अशा खडकांतून झिरपलेले विहिरीचे पाणी दुष्फेन असते. तेव्हा फवारणीसाठी साठवलेले पावसाचे पाणी घेणे हिताचे ठरते.

बागेसाठी मुद्दाम शुद्ध केलेले हलके खनिज तेल पाण्यात मिसळून फवारले असता ते कीटकांची श्वसनरंध्रे बुजवते आणि कीटक गुदमरतो. खवले कीड आपल्या कठीण कवचाखाली सुरक्षित असते. तिच्यावर इतर औषधांपेक्षा तेल अधिक गुणकारी ठरते. परंतु ३२ अंशांहून अधिक तापमान असताना तेल फवारल्यास पाने भाजतात. जबलपूरच्या उन्हाळ्यात हा उपाय वर्ज्यच समजावा. लाल कोळ्यावर वापरल्या जाणाऱ्या गंधकालाही हाच नियम लागू पडतो. शिवाय तेल आणि गंधक यांच्या फवारण्यांत निदान दोन आठवड्यांचे अंतर असावे. अन्यथा दोहोंच्या संयोगाने पाने जळतात.

५. निंबोळीचा अर्क

धान्यात व कपड्यांत कडुलिंबाचा पाला घालण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तिची शास्त्रीय तपासणी मात्र विसाव्या शतकात झाली. सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी १९४२ मध्ये कडुलिंबाच्या तेलातून निंबिन व इतर कडू द्रव्ये वेगळी केली. १९५९ मध्ये हाइनरिख श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाला सुदानमध्ये असे आढळले, की टोळधाडीने सारी हिरवळ फस्त केली तरी कडुलिंबाची झाडे तशीच उभी राहिली. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेतील प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये निंबोळीतील गराचे अत्यंत विरळ मिश्रण उभ्या पिकांवर फवारले व टोळांनी ती पिके खाल्ली नाहीत. पुढे १९६८ मध्ये इंग्लंडमधील बटरवर्थ व मॉर्गन यांनी या गुणाचे मुख्य द्रव्य वेगळे केले. त्यास ॲझाडिरॅक्टिन असे नाव आहे. त्याच्या रेणूची रचना इतकी गुंतागुंतीची आहे, की प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार करण्यास २००७ साल उजाडावे लागले.

हे द्रव्य किडीला तत्काळ मारत नाही. ते प्रथम तिची भूक मारते आणि नंतर तिच्या वाढीत बिघाड करते. अळीला कात टाकण्यासाठी शरीरातील संप्रेरकांची आवश्यकता असते. ॲझाडिरॅक्टिनमुळे त्यांचे कार्य विस्कळीत होते आणि अळी कात टाकताना मरते किंवा तिचा कोषच होत नाही. म्हणून फवारणीच्या दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या, तर औषध वाया गेले असे समजू नये. चार-पाच दिवस वाट पाहावी.

अर्क घरी करता येतो. सावलीत वाळवलेल्या निंबोळ्यांची टरफले काढून ५० ग्रॅम गर कुटावा, तो फडक्यात बांधून १ लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवावा, सकाळी पुरचुंडी पिळून पाणी गाळून घ्यावे आणि त्यात एक-दोन ग्रॅम साबण मिसळावा. हा ५ टक्के अर्क होय. बुरशी आलेल्या किंवा वर्षभराहून जुन्या निंबोळ्या घेऊ नयेत. सूर्यप्रकाशात ॲझाडिरॅक्टिनचे विघटन होते. तेव्हा अर्क केला त्याच दिवशी, सायंकाळी फवारावा. सायंकाळी मधमाश्याही फुलांवर नसतात, हा दुसरा लाभ.

६. जीवाणू आणि बुरशी

इशिवाता या जपानी शास्त्रज्ञाला १९०१ मध्ये आजारी रेशीमकिड्यांत एक जीवाणू आढळला. १९११ मध्ये अर्न्स्ट बर्लिनर या जर्मन शास्त्रज्ञाने तोच जीवाणू पिठातील पतंगाच्या अळीतून वेगळा केला आणि जर्मनीतील थुरिंजिया प्रांतावरून पुढे त्यास बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे नाव दिले. व्यवहारात यालाच बीटी म्हणतात. हा जीवाणू प्रथिनाचा एक स्फटिक तयार करतो. पतंगवर्गीय अळीच्या आतड्यात अल्कधर्मी रस असतो. त्यात तो स्फटिक विरघळतो, आतड्याच्या अस्तराला छिद्रे पडतात आणि अळी काही तासांत खाणे थांबवते. माणसाच्या पोटात आम्लरस असतो आणि त्या प्रथिनाला चिकटून बसण्यास योग्य अशी स्थाने नसतात. म्हणून ते त्यास बाधत नाही. लिलीवरील कोवळ्या अळ्यांसाठी हे औषध योग्य होय. माव्यासारख्या रस शोषणाऱ्या किडींना मात्र त्याचा उपद्रव होत नाही, कारण त्या पान खातच नाहीत. तथापि मूळ शोध रेशीमकिड्यांतच लागला हे विसरू नये. जेथे रेशमाचे किडे पाळले जातात, तेथे बीटी फवारणे म्हणजे शेजाऱ्याचे घर बुडवणे होय.

बुरशीही कीटकांना रोग जडवते. अगोस्तिनो बासी या इटालियन संशोधकाने १८३५ मध्ये रेशीमकिड्यांचा पांढरा रोग एका बुरशीमुळे होतो, असे सिद्ध केले. त्याच्या नावावरून त्या बुरशीस बिव्हेरिया बॅसियाना म्हणतात. तिचे बीजाणू कीटकाच्या त्वचेवर रुजून आत शिरतात. रुजण्यासाठी हवेत ओलावा हवा. म्हणून जबलपूरच्या पावसाळ्यात उघडीप असेल त्या सायंकाळी ती फवारावी, मे महिन्यातील कोरड्या उन्हात फवारून काही उपयोग नाही.

७. मित्रकीटक

बागेतील प्रत्येक किडा शत्रू नसतो. ढालकिडे व त्यांच्या अळ्या माव्यावर जगतात. सिरफिड माशीची अळी आणि क्रायसोपाची अळी याही मावा खातात. पिठ्या ढेकूण खाणारा क्रिप्टोलिमस नावाचा ऑस्ट्रेलियातील ढालकिडा १८९८ मध्ये भारतात आणण्यात आला. त्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या झुबक्यांनी झाकलेली असल्यामुळे पिठ्या ढेकणासारखीच दिसते आणि पुष्कळदा माळी तिलाच कीड समजून चिरडतो. खूण सोपी आहे : पिठ्या ढेकूण जवळजवळ एकाच जागी बसून राहतो, तर ही अळी आकाराने मोठी असते व भराभर चालते.

पिठ्या ढेकूण आणि मावा गोड चिकटा बाहेर टाकतात. तो मिळावा म्हणून मुंग्या त्यांची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकून लावतात. झाडावर चढणाऱ्या मुंग्या थांबवल्या, की निम्मे काम मित्रकीटक स्वतः करतात.

जबलपूर हे या शास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे ठिकाण आहे. येथे १९६४ मध्ये जवाहरलाल नेहरू कृषि विश्वविद्यालय स्थापन झाले. मंडला मार्गावर १९८८ पासून उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था आहे. सागाच्या पानांची जाळी करणारी व पाने फस्त करणारी अशा दोन अळ्या सागाच्या रोपांना फार त्रास देतात. त्यांच्या अंड्यांत आपली अंडी घालणाऱ्या ट्रायकोग्रामा या सूक्ष्म गांधीलमाशीचा उपयोग या संस्थेने अभ्यासला आहे. ही माशी एक मिलिमीटरहूनही लहान असते. तिची पिल्ले किडीचे अंडे आतूनच संपवतात, त्यामुळे अळी जन्मालाच येत नाही. शहरातील तण संशोधन संचालनालयाने गाजरगवतावर जगणाऱ्या मेक्सिकन भुंगेऱ्याचा प्रसार केला आहे. पावसाळ्यात गाजरगवताची पाने खाताना हा पिवळसर, तपकिरी रेघांचा भुंगेरा दिसल्यास त्याला मारू नये. तो आपलेच काम करीत असतो.

८. हात, पाणी आणि कात्री

हाताने कीड वेचण्याचा उपाय क्षुल्लक वाटतो. परंतु संकट मोठे असतानाही तोच कामी आला आहे. १९९७ च्या सुमारास मंडला व दिंडोरी भागांतील साल वृक्षांवर खोडकिड्याची प्रचंड साथ आली आणि लक्षावधी वृक्ष ग्रासले गेले. घनदाट अरण्यात विष फवारणे शक्य नव्हते. तेव्हा जुनीच युक्ती योजण्यात आली. पावसाळ्यात सालाचे ओंडके तोडून त्यांची साल ठेचावयाची. त्यातून पाझरणाऱ्या रसाच्या वासाने भुंगेरे जमतात व तो रस पिऊन सुस्त होतात. गावकऱ्यांनी ते वेचून नष्ट केले आणि शासनाने त्याबद्दल त्यांना मोबदला दिला. बागेत याचाच लहान अवतार म्हणजे लिलीवरील अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकणे, माव्यावर पाण्याची जोरदार धार सोडणे आणि पिठ्या ढेकणाने भरलेली फांदी कापून जाळणे हा होय.

९. नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

वनस्पतीतून आलेले ते सारे निरुपद्रवी, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. तंबाखूच्या काढ्यातील निकोटिन हे अनेक कृत्रिम औषधांहून अधिक जहाल विष आहे. ते त्वचेतूनही शरीरात शिरते. निकोटिन सल्फेटच्या वापरावर भारतात बंदी आहे. शेवंतीच्या कुळातील एका फुलापासून मिळणारे पायरेथ्रम उन्हात लवकर नाहीसे होते व माणसाला फारसे बाधत नाही. परंतु मासे आणि मधमाश्या यांना ते घातक आहे. कमळांच्या हौदाजवळ ते वापरू नये. कोणतेही औषध फवारताना पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे आणि तोंडावर आच्छादन असावे. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. आणि औषधाची बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये. नवे औषध प्रथम एका फांदीवर वापरून दोन दिवस वाट पाहावी. नेचे व नाजूक पानांची झाडे साबणानेही करपतात.

१०. रोपवाटिकेची जबाबदारी

कीड बहुधा रोपाबरोबरच घरी येते. अमेरिका खंडातील पपईचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइंबतूर येथे आढळला आणि दोन वर्षांत महाराष्ट्रातही पसरला. पपईप्रमाणेच तो जास्वंदीवरही जगतो. त्यावर फवारण्या निष्फळ ठरल्या. शेवटी २०१० मध्ये बंगळुरू येथील राष्ट्रीय संस्थेने प्वेर्तो रिको येथून त्याचे परजीवी कीटक आणून सोडले. त्यांपैकी असेरोफॅगस पपाये या सूक्ष्म गांधीलमाशीने ती कीड आटोक्यात आणली.

म्हणून नवे रोप घेताना पानांची मागची बाजू व फांद्यांचे सांधे पाहावेत आणि पंधरा दिवस ते इतर झाडांपासून दूर ठेवावे. रोपवाटिकेने कोणते औषध दिले आहे, हेही विचारावे. काही औषधे झाडाच्या रसात मिसळून परागापर्यंत पोहोचतात. अशा तीन औषधांचा उघड्या शेतात वापर करण्यास युरोपीय संघाने २०१८ मध्ये मधमाश्यांच्या रक्षणासाठी मनाई केली. मधमाश्यांसाठी म्हणून लावलेले फुलझाडच त्यांचा घात करू नये, एवढी काळजी विक्रेता आणि ग्राहक या दोघांनी घ्यावयास हवी.

११. शाळेसाठी एक प्रयोग

थंडीत माव्याने ग्रासलेल्या गुलाबाच्या तीन कुंड्या घ्याव्यात. प्रत्येक झाडाच्या एका शेंड्याची ५ सेंटिमीटर लांबी दोऱ्याने निश्चित करून तेवढ्या भागातील मावा मोजावा. पहिल्या झाडास काहीच करू नये, दुसऱ्यावर पाण्याची धार सोडावी आणि तिसऱ्यावर शिक्षकांनी साबणाचे द्रावण फवारावे. पुढे पहिल्या, तिसऱ्या व सातव्या दिवशी मावा आणि ढालकिडे दोन्ही मोजून तक्ता करावा. फुगलेला, गवती रंगाचा, न हलणारा मावा दिसल्यास तो भिंगाखाली पाहावा. त्याच्या पोटात परजीवी माशीचे पिल्लू वाढत असते.

ज्या झाडास काहीच केले नाही, त्याच्यावर सातव्या दिवशी किती ढालकिडे आले, हा आकडा विद्यार्थ्यांनी नीट पाहावा. बागेत औषध केव्हा वापरावे हे शिकण्यापूर्वी, ते केव्हा वापरू नये हे त्या आकड्यावरून कळते.